एकेक सेल मोजायचा

बॅटरीच्या दुकानात येणारा माणूस बहुधा एकच वाक्य घेऊन येतो. "मिस्त्री, बॅटरी बसली." इतकी वर्षं ऐकतोय, तरी अजून ते वाक्य मी मनातल्या मनात दुरुस्त करून घेतो. अख्खी बॅटरी एकदम क्वचितच बसते. आधी तिच्यातला एक सेल बसतो आणि तो बाकीच्यांना घेऊन बसतो.

१२ व्होल्टच्या लेड-ॲसिड बॅटरीत सहा सेल असतात. प्रत्येक सेल साधारण दोन व्होल्टचा. एकाचा प्लस पुढच्याच्या मायनसला, त्याचा प्लस त्याच्या पुढच्याच्या मायनसला, अशी ती साखळी. भरलेली आणि काही तास स्वस्थ ठेवलेली चांगली बॅटरी मीटरवर १२.६ ते १२.७ व्होल्ट दाखवते, म्हणजे दर सेलला २.१. मीटर १०.५ वर थांबला की समजायचं, सहातला एक आतून शॉर्ट झालाय आणि पाचच कामावर आहेत. गिऱ्हाईक म्हणतं, "पण हॉर्न वाजतोय की. लाइटपण लागतेय." लागणारच. हॉर्नला पाच सेल पुरतात, स्टार्टरला पुरत नाहीत.

माझं दुकान कऱ्हाडला, हायवेच्या कडेला. तेव्हाचा एनएच ४, आताचा ४८. पुण्याहून बंगळूरला जाणारा माल इथून जातो, आणि गळिताचा हंगाम लागला की उसाचे ट्रॅक्टर रात्रंदिवस. आयटीआयला इलेक्ट्रिशियनचा ट्रेड केला आणि ऐंशीच्या दशकात एका जुन्या मिस्त्रींच्या हाताखाली लागलो. त्यांना सगळे अण्णा म्हणत. जोडणी त्यांनी मला शिकवली नाही. शाळेच्या पुस्तकातली एकसर आणि समांतर जोडणी, आमच्या बोलण्यातली सिरीज आणि पॅरलल, ती मला येतच होती. सिरीजमध्ये व्होल्ट वाढतात, ॲम्पियर-अवर तेवढेच राहतात. पॅरललमध्ये व्होल्ट तेवढेच, ॲम्पियर-अवर वाढतात. हे कुणीही दहा मिनिटांत शिकतं. अण्णांनी शिकवलं ते मोजायला. पुस्तकातली ती बेरीज सगळे सेल सारखे आहेत असं धरून चालते. दुकानातल्या फळीवर मला दोन सेल तंतोतंत सारखे कधी सापडले नाहीत. आमचा सगळा धंदा त्या फरकाचा आहे.

त्या काळातल्या बॅटऱ्या मोजायला सोप्या होत्या. काळ्या कडक रबराचा डबा, वरून डांबर ओतून बंद केलेला, आणि एका सेलकडून दुसऱ्याकडे जाणाऱ्या शिशाच्या पट्ट्या डांबराच्या वर उघड्या. सिरीज डोळ्यांनी दिसायची, बोटाने मोजता यायची. अण्णांकडे सेल टेस्टर होता : लाकडी मुठीला दोन अणकुचीदार दांड्या, मध्ये जाड तापपट्टी, वर मीटर. दांड्या एका सेलच्या दोन पट्ट्यांवर दाबल्या की त्या एकट्या सेलमधून शंभराच्या वर ॲम्पियर वाहायचे, पट्टी तापायची. चांगला सेल दीड व्होल्टच्या वर टिकून राहायचा. कमजोर सेल आपल्या डोळ्यांदेखत एकच्या खाली उतरायचा. नुसत्या मीटरवर, लोड न टाकता, हाच सेल दोन व्होल्ट दाखवत असे. म्हणून अण्णा लोड टाकल्याशिवाय कुठल्याही सेलला चांगला म्हणत नसत.

कधी कधी पूर्ण बॅटरीवर लोड टाकून एकेका सेलवर साधा व्होल्टमीटर धरला की एका ठिकाणी काटा शून्याच्याही डावीकडे जायचा. पहिल्यांदा ते पाहिलं तेव्हा मला वाटलं दांड्या उलट्या लागल्या. तसं नव्हतं. सिरीजमध्ये करंट एकच असतो. जेवढा पहिल्या सेलमधून तेवढाच सहाव्यातून. पाच सेलांत माल शिल्लक आहे आणि सहावा रिकामा झालाय, तरी पाचांचा करंट त्या सहाव्यातूनच जाणार, दुसरा रस्ताच नाही. मग तो रिकामा सेल उलटा चार्ज व्हायला लागतो. त्याची पॉझिटिव्ह प्लेट निगेटिव्ह होऊ बघते, निगेटिव्ह पॉझिटिव्ह. तो आता दोन व्होल्ट देत तर नाहीच, वर बाकीच्यांचे खातो. बेरीज म्हणायची ती इथे वजाबाकी झालेली असते. असा एक-दोनदा उलटलेला सेल पुन्हा धड होत नाही.

गेलेला सेल बाहेर काढायचं काम मला फार आवडायचं. सळई तापवून डांबर मऊ करायचं, कडेने खरवडून घ्यायचं. शिशाच्या पट्टीला पोलावर भोक मारून ती सुटी करायची. मग पोल पकडीत धरून प्लेटांचा गठ्ठा सावकाश वर ओढायचा आणि तसाच तिरका धरून ॲसिड निथळू द्यायचं. चॉकलेटी रंगाच्या पॉझिटिव्ह प्लेटा, राखी रंगाच्या निगेटिव्ह, मध्ये सेपरेटर. डब्याच्या तळाशी प्लेटांतून झडलेला गाळ. गाळ साठत साठत प्लेटांच्या खालच्या कडेला टेकला की सेल आतून शॉर्ट होतो. पुष्कळ सेल असेच गेलेले असायचे. अकरा प्लेटांचा सेल असेल तर पाच पॉझिटिव्ह आणि सहा निगेटिव्ह. पाचांचे कान एका शिशाच्या पट्टीत ओतलेले, सहांचे दुसऱ्या. म्हणजे सेलच्या आत सगळं पॅरलल आणि सेलासेलांमध्ये सिरीज. गिऱ्हाईक आजही विचारतं, "किती प्लेटांची आहे?" त्याचा प्रश्न बरोबर असतो. प्लेटा वाढल्या तरी सेल दोनच व्होल्टचा राहतो, पण त्याच्यातून करंट जास्त घेता येतो आणि तो जास्त वेळ पुरतो.

पट्टी पुन्हा जोडायची तीही बॅटरीच्याच जोरावर. सहा व्होल्टची एक चांगली बॅटरी घ्यायची, एक वायर पट्टीला, दुसरी कार्बनच्या कांडीला. कांडी टेकवली की टोक लालभडक होतं आणि खालचं शिसं पाण्यासारखं मोकळं होतं. तिथे व्होल्ट जास्त असून उपयोग नाही, ॲम्पियर लागतात.

अण्णांची एक पद्धत गिऱ्हाइकांना पटायची नाही. पाच जुने सेल आणि एक गेलेला, तर गेलेल्याच्या जागी ते कोऱ्या प्लेटा शक्यतो घालत नसत. तेवढ्याच वयाच्या, त्याच मापाच्या दुसऱ्या मोडीत निघालेल्या बॅटरीतला चांगला गठ्ठा शोधून घालत. "नव्या प्लेटा का नाही?" असं विचारणाऱ्याला ते म्हणत, "बाबा, सहाव्याला नवा केलास म्हणून पाचांचं वय कमी होत नाही." त्यांची ती अट मी आजही पाळतो.

दुकानातलं चार्जिंगही सिरीजचंच होतं. लांब फळी, त्यावर बॅटऱ्यांची ओळ, एकीचा प्लस पुढचीच्या मायनसला, आणि दोन टोकं रेक्टिफायरला. याला लायनीला लावणं म्हणत. लायनीत सगळ्यांना एकच करंट मिळतो, म्हणून लायनीचा करंट लायनीतल्या सगळ्यात लहान बॅटरीकडे बघून ठरवायचा. ट्रकची बॅटरी आणि स्कूटरची बॅटरी एका लायनीत लावली आणि करंट ट्रकच्या हिशेबाने सोडला, तर स्कूटरची तासा-दोन तासांत उकळून निघते. लहान बॅटऱ्यांची लायन वेगळी, हा साधा नियम. घाईच्या दिवसांत नेमका तोच मोडला जातो. दुसरा नियम : रेक्टिफायर बंद केल्याशिवाय लायनीतला एकही क्लिप उचलायचा नाही. भरत आलेल्या बॅटरीतून हायड्रोजन निघतो, हवेत तो चार टक्के झाला की पेट घ्यायला एक ठिणगी पुरते, आणि वाहता करंट तोडला की ठिणगी पडतेच.

इंजिनिअरिंग कॉलेजचे एक सर जुन्या स्कूटरची बॅटरी घेऊन दुकानात यायचे आणि काम होईपर्यंत गप्पा मारत बसायचे. व्होल्टाची गोष्ट त्यांच्याकडून ऐकली. १८०० साली त्याने जस्ताच्या आणि चांदीच्या चकत्या, मध्ये मिठाच्या पाण्यात भिजवलेला कपडा किंवा पुठ्ठा, अशा एकावर एक रचल्या; जगातली पहिली बॅटरी तीच आणि ती सिरीजच होती. पण मला जास्त भिडला तो फ्रान्सचा गॅस्टन प्लान्टे. शिशाच्या पत्र्यांचा, पुन्हा पुन्हा चार्ज होणारा सेल १८५९ साली त्याने केला. आपले सेल भरायला त्याच्याजवळ मोजकेच साधे सेल होते, त्यांचा दाब कमी. म्हणून त्याने अशी फिरती चावी बसवली की भरताना सगळे सेल पॅरललमध्ये यावेत आणि चावी फिरवली की तेच सेल सिरीजमध्ये जावेत. थोड्या दाबाने सावकाश भरायचे आणि मोठ्या दाबाने रिकामे करायचे. हे ऐकल्यावर सिरीज आणि पॅरलल ही दोन वेगळी घराणी आहेत हा माझ्या डोक्यातला समज गेला. सेल तेच, आपल्याला या घडीला काय हवंय त्यावर जोडणी ठरते.

त्याच सरांचे विद्यार्थी पुढे दुकानात यायला लागले, अजूनही येतात. त्यांना मी हटकून एक प्रश्न घालतो. आठ पेन्सिल सेल सिरीजला लावले की १२ व्होल्ट होतात. मग त्यांच्यावर जीप का सुरू होत नाही? मुलं हुशार असतात, पण पुष्कळजण इथे थांबतात. कारण व्होल्ट हा अर्धाच हिशेब आहे. प्रत्येक सेलच्या पोटात स्वतःचा रोध असतो. पेन्सिल सेलचा तो ओहमच्या दशांशात येतो. आठ सेलांचे रोध सिरीजमध्ये एकावर एक चढतात आणि मिळून ओहमच्या आसपास किंवा वरही जातात. टोकं सरळ एकमेकांना टेकवली तरी दहा-बारा ॲम्पियरच्या पलीकडे जाणं त्यांना अवघड. जीपचा स्टार्टर दीड-दोनशे मागतो. ते मिळवायचे तर आठ-आठ सेलांच्या कितीतरी ओळी पॅरललमध्ये लावाव्या लागतील. लेड-ॲसिड सेलमध्ये तेच काम पॅरलल जोडलेल्या प्लेटा करतात. म्हणून अख्ख्या बॅटरीचा अंतर्गत रोध ओहमच्या हजारांशांत मोजायचा असतो. एवढं उमगलं की मुलं स्वतःच पुढचं सांगतात : बाहेरचा रोध मोठा असेल तर सेल सिरीजला लावण्यात फायदा, बाहेरचा रोध अगदी लहान असेल तर पॅरललला.

ट्रकच्या बॅटऱ्यांनी मला जेवढं शिकवलं तेवढं कुणीच नाही. मोठा ट्रक २४ व्होल्टचा. १२ च्या दोन बॅटऱ्या शेजारी शेजारी, सिरीजला. एका हंगामात एक ड्रायव्हर वैतागून आला.

"मिस्त्री, या बॅटरीचं पाणी रोज संपतंय. दुसरीचं थेंबभर कमी होत नाही. ही खराब आहे, बदलून द्या."

"बदलली होती का आधी?"

"गेल्या दिवाळीला. नवीचीपण हीच गत."

"टेप आहे का गाडीत?"

"आहे की."

"टेप १२ व्होल्टचा ना? त्याची वायर कुठून घेतली?"

त्याने बोट दाखवलं ते दोन बॅटऱ्यांच्या मधल्या जोडावर. टेप, पंखा आणि केबिनमधला दिवा, तिन्ही एकाच बॅटरीवर, म्हणजे साखळीतल्या चेसिसकडच्या, खालच्या. वरच्या बॅटरीला त्या टेपचं काही देणंघेणं नाही, ती भरलेलीच. मग इंजिन सुरू होतं, अल्टरनेटर दोघींना मिळून २८ व्होल्ट देतो. दोघी सारख्या असत्या तर प्रत्येकीच्या वाट्याला १४ आले असते. पण रिकामी बॅटरी आपला व्होल्टेज वर जाऊ देत नाही आणि भरलेली पटकन वर जाते. मी इंजिन चालू ठेवून मोजलं : खालची १३.२, वरची १४.८. बेरीज बरोबर २८. डॅशबोर्डवरचा काटा रोज हिरव्यातच होता आणि त्याच्या खाली वरची बॅटरी उकळत होती, खालची कधी पूर्ण भरत नव्हती. पाणी संपत होतं चांगल्या बॅटरीचं. खराब होत होती ती दुसरीच, जिचं पाणी शाबूत होतं. तिच्या प्लेटांवर सल्फेट धरत चालला होता. त्या ड्रायव्हरला मी बॅटरी विकली नाही; २४ चे १२ करणारा कन्व्हर्टर बसवून दिला, दोन्ही बॅटऱ्या सोडवून वेगवेगळ्या चार्ज केल्या आणि मग परत जोडल्या. अशा गाड्या पुढे किती आल्या याची मोजदाद नाही. अजूनही कुणी म्हटलं की एकाच बॅटरीचं पाणी जातंय, तर माझा हात आधी शेजारच्या बॅटरीकडे जातो.

दोन हजारनंतर भारनियमन वाढत गेलं आणि घराघरात इन्व्हर्टर आले. त्यांच्याबरोबर पॅरललची दुखणी आली. लोकांचा ठरलेला प्रश्न : "मिस्त्री, दोन बॅटऱ्या सिरीजला लावल्या तर बॅकअप जास्त का पॅरललला?" उत्तर दोन्हीकडे तेच. १५०-१५० ॲम्पियर-अवरच्या दोन बॅटऱ्या पॅरललला म्हणजे १२ व्होल्ट, ३०० ॲम्पियर-अवर. सिरीजला म्हणजे २४ व्होल्ट, १५० ॲम्पियर-अवर. गुणाकार दोन्हीकडे ३,६०० वॉट-अवर. फरक पडतो तो वायरमध्ये. हजार वॉटचा लोड १२ व्होल्टवर ८३ ॲम्पियर ओढतो, २४ वर ४२. वायरमध्ये उष्णता होऊन वाया जातं ते करंटच्या वर्गाच्या हिशेबात. करंट निम्मा झाला की नासाडी पाव होते. म्हणून मोठा लोड असेल तर २४ चा इन्व्हर्टर घ्या, असं मी सांगतो. पण १२ चा इन्व्हर्टर घरात आधीच असेल तर त्याला सिरीजची जोडी लावायची नाही, हेही तेवढंच ठासून सांगावं लागतं.

पॅरलल जोडताना मी एक गोष्ट कधी सोडत नाही. इन्व्हर्टरची प्लसची वायर पहिल्या बॅटरीवर आणि मायनसची दुसऱ्या बॅटरीवर, तिरकी. बरेचजण दोन्ही वायरी पहिल्या बॅटरीवर कसतात आणि तिच्यापासून दुसरीला जोड देतात. दिसायला नीट दिसतं, वायरही कमी लागते. पण मग दुसऱ्या बॅटरीच्या वाटेत दोन जोडवायरी आणि चार लग जास्तीचे येतात. तो रोध नुसत्या बोटाला कळणारा नाही, पण बॅटरीचा स्वतःचा रोधही तसाच हजारांशातला असतो. एखादा लग सैल किंवा गंजका असला की तो बॅटरीइतका भारी पडतो. मग लोडचा मोठा वाटा पहिलीच उचलते आणि पहिलीच आधी थकते. तिरकं जोडलं की दोघींच्या वाटा सारख्या लांबीच्या होतात. लोक म्हणतात, पहिल्या बॅटरीवर लोड जास्त येतो. पॅरललमध्ये, जोडणी अशी आळसातली असेल तर, ते खरं आहे. सिरीजमध्ये ते कधीच खरं नसतं. तिथे पहिली आणि शेवटची सारखंच ओढतात.

सिरीजमधला दुबळा सेल बाकीच्यांना थांबवतो. पॅरललमधली दुबळी बॅटरी बाकीच्यांना पिते. एका घरात दोन बॅटऱ्या पॅरललला होत्या, एक जुनी, एक नवी. घरातल्या आजी म्हणाल्या, "अरे, लाइट गेलेली नसतानापण कपाटातनं गुरगुर ऐकू येते." जुन्या बॅटरीत एक सेल शॉर्ट झाला होता. उरले पाच. इन्व्हर्टर १२ ची बॅटरी समजून चार्ज करत होता, आणि त्या पाच सेलांवर साडेबारा व्होल्ट म्हणजे प्रत्येकावर अडीच. त्याला उकळायला आणखी काय लागतं? चार्जिंग थांबलं तरी शेजारची नवी बॅटरी तिच्यात करंट ओततच होती. वेगळ्या केल्या तेव्हा एक १२.७, दुसरी १०.५. अशा दोन बॅटऱ्यांची टोकं नुसती जोडली तर पहिल्या क्षणाला शंभराच्या वर ॲम्पियर एकीतून दुसरीत जाऊ शकतात. म्हणून पॅरललची माझी रीत अशी : दोन्ही एकट्या एकट्या पूर्ण चार्ज करायच्या, रात्रभर सुट्या ठेवायच्या, सकाळी मोजायच्या आणि आकडे जुळले तरच जोडायच्या. गिऱ्हाइकाला एक दिवस थांबावं लागतं. मी थांबवतो.

मोठ्या यूपीएसच्या कामाबद्दल फार लिहीत नाही. तिथे १२ व्होल्टच्या सोळा-वीस बॅटऱ्या सिरीजला असतात. १९२ नाहीतर २४० व्होल्ट डीसी. हातातली अंगठी आणि घड्याळ काढल्याशिवाय मी त्या खोलीत पाय ठेवत नाही, मुलांनाही ठेवू देत नाही. काम सुरू करताना आधी साखळीचा मधला जोड सोडायचा, म्हणजे एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंतचा दाब निम्मा होतो. एका खासगी दवाखान्यात अशा साखळीतल्या एका बॅटरीचा आतला जोड तुटला होता. बाकी सगळ्या ठणठणीत होत्या, आणि वीज गेल्यावर यूपीएस एक सेकंदही टिकला नव्हता. जनरेटर लगेच सुरू झाला म्हणून निभावलं. तिथे दर महिन्याला साखळीची बेरीज लिहून ठेवलेली होती. एकेक बॅटरी कुणी मोजली नव्हती.

ई-रिक्षा आल्या आणि अण्णांचा जुना वाद पुन्हा माझ्या फळीवर आला. १२ च्या चार बॅटऱ्या, ४८ व्होल्ट, म्हणजे २४ सेलांची एक साखळी. रिक्षावाला येतो, म्हणतो, "मामा, तिसरी गेलीय. तेवढी एकच नवी टाका. चार घ्यायची आपली ऐपत नाही." त्याचं म्हणणं खोटं नाही, चार बॅटऱ्यांचे पैसे त्याच्यासाठी फार मोठे आहेत. पण एक नवी टाकली तर काय होतं ते मी पुष्कळदा पाहिलंय. चालवताना उरलेल्या तीन जुन्यांतली जी सगळ्यात कमजोर, ती रिकामी झाली की गाडी थांबते, नवीत माल शिल्लक असला तरी. चार्ज करताना जुन्या तीन लवकर उकळायला लागतात, एकूण व्होल्टेज वर जातो, चार्जरला वाटतं काम झालं, आणि नवी अर्धपोटी राहते. थोड्याच महिन्यांत नवी जुन्यांच्या पंगतीला जाऊन बसते. म्हणून मी दुकानात जुन्या पण चालू बॅटऱ्या राखून ठेवतो. प्रत्येकीवर खडूने लिहिलेलं असतं : किती जुनी, दहा ॲम्पियरच्या लोडवर किती तास टिकली, सहाही सेलांतल्या ॲसिडची ग्रॅव्हिटी काय. बाराशे चाळीस, बाराशे तीस, असं आम्ही वाचतो. एखादा सेल बाकीच्यांपेक्षा तीस-चाळीस पॉइंट खाली असेल तर ती बॅटरी कुणाच्या गाडीत जात नाही. रिक्षावाल्याला त्याच्या तिघींच्या जोडीची चौथी मिळते, कमी पैशांत मिळते आणि चौघी बरोबरीने संपतात. मग तो चारही नव्या एकदम घेतो, तोवर त्याने तेवढे साठवलेले असतात. यात मला नफा कमी आहे. पण दुरुस्ती म्हणजे काय, तर माझ्या मते हीच.

आता पुतण्या दुकानात असतो आणि तो लिथियमची कामं करतो. १८ मिलिमीटर जाड आणि ६५ मिलिमीटर लांब नळीसारखे सेल, नाव ३.६ व्होल्टचं, पूर्ण भरला की ४.२. असे चार-चार पॅरललला आणि तेरा गट सिरीजला घेतले की ई-बाइकचं पॅक होतं. आधी पॅरलल, मग सिरीज, हा क्रम का, ते त्याने मला नीट समजावून सांगितलं. चार सेल पॅरललला बांधले की चौघांचा व्होल्टेज कायम एकच राहतो, एका वायरने चौघांवर लक्ष ठेवता येतं. आधी तेरा-तेराच्या माळा केल्या आणि मग चार माळा शेजारी जोडल्या, तर प्रत्येक माळेतल्या प्रत्येक सेलला स्वतंत्र पहारा लागेल. मोठ्या गाड्यांतही हाच क्रम. टेस्लाच्या मॉडेल एस गाडीच्या ८५ किलोवॉट-अवरच्या पॅकमध्ये ७,१०४ सेल होते : ७४ पॅरललला, असे ९६ गट सिरीजला. आणि प्रत्येक सेलला स्वतःची बारीक फ्यूजसारखी तार, म्हणजे एक सेल आतून शॉर्ट झाला आणि बाकीचे ७३ त्याच्यात करंट ओतायला लागले की ती तार जळून तो सुटा पडतो. हे ऐकताना मला त्या आजींच्या कपाटातली गुरगुर आठवली.

लेड-ॲसिड आणि लिथियममध्ये एक फरक मात्र फार मोठा आहे आणि तो गिऱ्हाइकाला माहीत असायला हवा. लेड-ॲसिडचा सेल भरला की जास्तीचा करंट तो पाण्यावर घालवतो, बुडबुडे काढतो. तेवढ्या वेळात मागे पडलेला सेल भरून निघतो. म्हणून अण्णा महिन्यातून एकदा बॅटरीला मुद्दाम जास्त वेळ लायनीला ठेवत, सगळे सेल एका पातळीवर यावेत म्हणून. लिथियमच्या सेलला ही सोय नाही. तो भरल्यावरही करंट देत राहिलात तर तो बिघडतो, फुगतो, पेटही घेऊ शकतो. तिथे सेल सारखे करण्याचं काम बीएमएस नावाची पाटी करते; तिच्या तेरा गटांना चौदा बारीक वायरी गेलेल्या असतात आणि ती प्रत्येक गट वेगळा वाचते.

ती पाटीच वाचायची थांबली आणि नुसती बेरीज उरली तर काय, याचा हिशेब मी पुतण्याला कागदावर मांडून दाखवला. तेरा गट पूर्ण भरले की पॅकवर ५४.६ व्होल्ट येतात. आता समजा बारा गट ४.२५ वर गेलेत, म्हणजे धोक्याच्या पलीकडे, आणि एक गट ३.६ वरच अडकलाय. बारा गुणिले ४.२५ म्हणजे ५१. त्यात ३.६ मिळवले की पुन्हा ५४.६. चार्जरचा हिरवा दिवा लागणार, मालकाच्या डिस्प्लेवर शंभर टक्के दिसणार.

म्हणून दुकानात पॅक घेऊन येणाऱ्या प्रत्येकाला मी सांगतो आणि इथेही लिहितो. बीएमएस प्रत्येक गटाचा आकडा वाचतच असते. तो आकडा मालकाला दिसला पाहिजे. जिथे मोबाईलवर दिसण्याची सोय आहे तिथे ती चालू करून घ्या, महिन्यातून एकदा तेराच्या तेरा आकडे वहीत उतरवा, आणि सगळ्यात वरच्या आणि सगळ्यात खालच्या गटातला फरक दर महिन्याला वाढतोय का ते बघा. वाढत असेल तर पॅक चालतंय म्हणून थांबू नका, घेऊन या. आणि जे बनवणारे पॅक चहूबाजूंनी गोंद ओतून बंद करतात, आकडे कुलपात ठेवतात, त्यांच्याकडे माझी मागणी एवढीच आहे की निदान त्या चौदा वायरींचं एक सॉकेट बाहेर काढा. आम्ही मोजून घेऊ.